मायच्या लुगड्याखालची जास्वंद

जास्वंदीची कळी तोडायची ती आदल्या दिवशी, ऊन उतरल्यावर. कुठली कळी उद्या उमलणार आणि कुठली अजून दोन दिवस रुसून बसणार, हे मला अक्षरओळख व्हायच्या आधीपासून कळायचं. त्यात माझं कौतुक काही नाही. आमच्या शेळीलाही ते कळायचं आणि ती मेली नेमकी उद्याचीच कळी खायची. राजूरपासून चालत अर्ध्या तासावर आमचं शेत. विहिरीपासून थेट बांधापर्यंत जास्वंदीची रांग होती. लालभडक, पाच पाकळ्यांची, गणपतीला वाहतात ती. दिवस कलला की माय आणि काकू टोपल्या घेऊन निघायच्या. कळ्या घरी आल्या की माय आपलं एक जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं नऊवारी लुगडं विहिरीच्या पाण्यात बुडवायची, पिळायची, टोपलीत अंथरायची, कळ्यांचे थर लावायची आणि वरून त्याचाच पदर ओढून घ्यायची. सकाळी राजूरला गणपतीच्या मंदिरासमोर बसून तिनं पदर बाजूला सारला की आत सगळी फुलं उमललेली. गिऱ्हाइकं म्हणायची, कलाबाईच्या हाताला गुण आहे. माय हसायची आणि एक फूल वर घालायची. मलाही ते खरंच वाटायचं, की आपल्या आईच्या हातात काहीतरी आहे जे बाकीच्यांच्या हातात नाही.

खरं सांगायचं तर त्यातल्या निम्म्या कळ्या काकूनं तोडलेल्या असायच्या. काकू म्हणजे माझी धाकटी चुलती, गंगूबाई. काका लग्नानंतर तिसऱ्या वर्षी वारले, मूलबाळ नव्हतं. माहेर बदनापूरला, पण तिथं भावजयांचं राज्य. मायनं तिला सांगितलं होतं, की तू इथंच राहा, मला एकटीला एवढ्या कळ्या तोडवत नाहीत. काकू राहिली. ती राजूरला मात्र कधी जायची नाही. देवाची फुलं विधवेनं विकायला बसलेलं लोकांना खपणार नाही, असं तिचं तीच ठरवून मोकळी झाली होती. त्यामुळे मंदिरासमोर दिसायची ती माय, आणि गुण काय तो मायच्या हाताचा. तोडणाऱ्या हातांचं नाव कुणी घेत नाही. काकूलाही त्याचं काही वाटत नव्हतं. ती भाकरी थापताना गुणगुणायची आणि माय तिला म्हणायची, "गंगे, तुझ्या गाण्यानं तवा फुटंल."

माय कावीळ होऊन पंधरा दिवसांत गेली. मी अठरा वर्षांची होते, जालन्यात कॉलेजला पहिल्या वर्षाला, सूक्ष्मजीवशास्त्र हा विषय घेऊन. विषय का घेतला तर यादीत तो पहिला नव्हता आणि शेवटचाही नव्हता. त्या दिवसाचं मला जे आठवतं ते सांगायची लाज वाटते, पण आता या वयात लाजून काय करायचंय? मला भूक लागली होती. अंगणात माणसं बसलेली, आत बायका मोठ्यानं रडताहेत, आणि माझ्या डोक्यात एकच, की टोपल्यात सकाळची भाकरी आहे का. शेजारच्या आजीबाईंनी माझ्या दंडाला चिमटा काढला. "रड गं पोरी, रड. न्हाई तर आतच बसतं ते." मी प्रयत्न केला. तोंड वाकडं केलं, डोळे चोळले, पण आलं नाही. शेवटी त्यांनीच माझ्या वाटचं रडून घेतलं. पुढं कित्येक महिने मी अशीच होते. कान ऐकायचे, हात कामं करायचे, जिभेला तिखट लागायचं, पण हे सगळं दुसऱ्या कुणाच्या तरी घरात चाललंय असं वाटायचं. विहिरीवरच्या रहाटाची कुरकुर तेवढी आत जायची. मायनं उन्हाळ्यात कुटून ठेवलेली येसर बरणीत होती. काकू तिची आमटी करायची, नाना आणि मी खायचो, बरणी खाली खाली जात होती आणि आम्ही तिघंही बरणीकडे बघत नव्हतो.

नाना म्हणजे माझे वडील. उंच, कमी बोलणारे, रागावले की आवाज खाली जाणारे. फुलांसाठी माय दोन लुगडी वापरायची, आज हे तर उद्या ते. त्यातलं एक तिच्या अंगावर गेलं. दुसरं नानांनी आपल्या बाजेजवळच्या खुंटीला अडकवलं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी ते काढून काकूच्या हातात दिलं आणि म्हणाले, "फुलं ह्याच्यातच बांधायची. आन् हे धुवायचं न्हाई. बिलकुल न्हाई." काकूनं मान डोलावली. का धुवायचं नाही, ते तिला कळलं होतं आणि मलाही. नाना रोज झोपताना ते लुगडं तोंडाशी धरायचे. मी एकदा तसंच करून पाहिलं होतं. मला नुसता ओलेपणाचा वास आला. आपल्या आईचा वास आपल्याला येत नाही म्हणजे आपण कसली मुलगी, असं वाटायला हवं होतं. तेही वाटलं नाही.

तर मग रोजचा क्रम असा झाला. संध्याकाळी काकू एकटीच कळ्या तोडायची, लुगडं विहिरीच्या पाण्यात नुसतं बुडवून काढायची, फुलं बांधायची. सकाळी नाना टोपली घेऊन राजूरला जायचे, विकायला स्वतः बसायचे, आणि परत आल्यावर ते ओलं लुगडं घडी करून पुन्हा खुंटीला. महिनाभर ठीक चाललं. मग पाकळ्यांच्या कडा काळ्या पडू लागल्या. मग देठाशी बुळबुळीत लागू लागलं. मग उमलायच्या आधीच काही कळ्या मऊ पडून कुजू लागल्या आणि टोपलीला एक उबट वास यायला लागला. काकूनं टोपली बदलली, पहाटे अंघोळ करून ओलेत्यानं तुळशीला पाणी घातलं, गणपतीला एकवीस दुर्वांचा नेम धरला. फुलं कुजतच राहिली.

मग अंगारकी आली. राजूरला त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते, आणि वर्षाची कमाई म्हणा की अब्रू म्हणा, आमच्यासारख्यांची त्या एका दिवसावर असते. मीही नानांच्या हाताखाली गेले होते. नानांनी पदर बाजूला केला आणि आम्ही दोघंही बघत बसलो. टोपलीभर तांबडा चिखल. वरची दहा-पंधरा फुलं तेवढी धड होती. दर चतुर्थीला जालन्याहून येणारी एक बाई होती, मायची जुनी गिऱ्हाईक. तिनं एक फूल उचललं, बोटाला लागलेलं बुळबुळीत पदराला पुसलं आणि फूल हळूच परत ठेवलं. "कलाबाई गेल्या, हातगुणही गेला म्हणायचा," ती म्हणाली. "आता कोण तोडतं हो फुलं?" नाना म्हणाले, "भावाची बायको." काका वारल्याचं तिला ठाऊक होतं, ती बाई काय समजायचं ते समजली. "असं होय," म्हणाली. बस्स, तेवढंच म्हणाली. मला आजही तो "असं होय" जशाचा तसा ऐकू येतो.

घरी आल्यावर नाना चपला न काढताच ओट्यावर बसले. काकू दाराआड उभी होती, डोक्यावरचा पदर पुढं ओढून. दिरासमोर ती कधी उघड्या तोंडानं आली नाही. नाना माझ्याकडे बघून तिला बोलले. "पुढची चतुर्थी झाली की काकूला बदनापूरला पोचवून ये. तिच्या हाताला फुलं सोसंना झालीत. तिचा काय दोष न्हाई, पर देवाच्या कामाला त्यो हात नगं." मी विचारलं, "मंग घरचं कोण बघंल?" नाना म्हणाले, "तू हाईस की. कॉलेज काय, पुढल्या साली बी व्हईल." पुढल्या सालाचं कॉलेज कधी होत नसतं हे मलाही माहीत होतं, नानांनाही. काकू आत गेली, पीठ मळायला बसली, आणि त्या दिवशी भाकरी थापताना गुणगुणली नाही.

मी लगेच काकूच्या बाजूनं उभी राहिले, असं लिहिता आलं असतं तर बरं दिसलं असतं. पण मी उभी राहिले ते माझ्या बाजूनं. काकू गेली तर चूल माझ्या गळ्यात, शेण माझ्या गळ्यात, आणि रोज सकाळी सातच्या जीपमध्ये मागच्या फळीवर बसून जालन्याला जाणं, जे मला आवडतंय की नाही हेही तेव्हा कळत नव्हतं, ते बंद. आवडत नसलेल्या गोष्टीही जायला लागल्या की माणूस त्यांना घट्ट धरतो. पुढच्या चतुर्थीला एक महिना होता.

प्रयोगशाळेत रशीदभाई म्हणून शिपाई होते. पांढरी दाढी, सफेद कोट, आणि मॅडमपेक्षा जास्त माहिती. जंतू वाढवायला लागतो तो जेलीसारखा अगर शिजवायचा, काचेच्या बश्यांमध्ये, म्हणजे प्लेटांमध्ये ओतायचा, झाकणं लावून थंड करायचा, हे सगळं तेच करायचे. मी रुमालात कळ्या बांधून त्यांच्यापुढं उभी राहिले. "देवाची फुलं घेऊन आलीस बेटा, उदबत्ती कुठंय?" ते म्हणाले. मी त्यांना सगळं सांगितलं. एवढं सलग मी माय गेल्यापासून कुणाशी बोलले नव्हते. त्यांनी ऐकून घेतलं, मग म्हणाले, "हाताला गुण हाय का न्हाई ते तर प्लेटच सांगते. मॅडमला विचारशील तर न्हाई म्हणतील. मला विचारू नको, उद्या जल्दी ये."

मी चार प्लेटा घेतल्या. एकीवर झाडावरून चिमट्यानं तोडलेल्या कळीची पाकळी दाबली, कुणाचाही हात न लागलेली. दुसरीवर काकूनं तोडलेली. तिसरीवर मी तोडलेली. चौथीवर रात्रभर लुगड्यात राहिलेली. पाकळी अगरवर हलकी टेकवायची, उचलायची, झाकण लावायचं आणि उबवणपेटीत ठेवायचं. दोन दिवसांनी रशीदभाईंनी पेटी उघडली आणि नाकाला रुमाल लावला. चौथ्या प्लेटवर पाकळीचा आकारच उरला नव्हता. सगळीकडे पिवळट, ओघळलेली, बुळबुळीत साय, आणि टोपलीचाच तो उबट वास. झाडावरच्या पाकळीवर मोजके पाच-सहा ठिपके. काकूच्या हातानं थोडे जास्त, माझ्या हातानं त्याहून जास्त. रशीदभाई म्हणाले, "काकूचे हात तुझ्यापेक्षा साफ हायेत, बराबर?" मी हो म्हटलं. मला आनंद व्हायला हवा होता. मी वहीत लिहून घेतलं.

आज हे सगळं फार पोरकट वाटतं. मी पुढं याच विषयात शिकवलं, निवृत्त झाले, आणि आता माझ्या विद्यार्थ्यांकडची यंत्रं एका पाकळीवर कोण कोण राहतं त्याची यादी काढून देतात. शेकडो नावं असतात. फूल कुठलं, किती वेळ उमललेलं, ऊन किती लागलं, त्यावर मधमाशी बसली की मुंगी चढली, पाकळीतून स्वतःचं काय पाझरतं, यावर ती वस्ती ठरते. जास्वंद तर एका दिवसाचं फूल. सकाळी गाव बसतं, संध्याकाळी पाकळ्या मिटतात की त्या गावाची दशा फिरते. माणसाचा हात त्यात एक पाहुणा, बाकीच्या पाहुण्यांसारखाच. पण ओल्या, कोंदट कापडात बारा तास कोंडलं तर झाडावरची ती मोजकी मंडळी बाजूला पडतात आणि नासवणारे बाकीचे फोफावतात. हे तेव्हा मला एवढं नीट सांगता आलं नसतं. मला फक्त चौथी प्लेट दिसत होती, आणि ती बघता बघता एकदम आठवलं की माय राजूरहून आली की जेवायच्याही आधी चुलीवर भगुलं चढवायची, धुण्याचा सोडा घालून लुगडं उकळायची आणि जास्वंदीवरच वाळत टाकायची. त्या दिवशी फुलं दुसऱ्या लुगड्यात. लहानपणापासून रोज ते मी बघत होते. ते काम आहे, हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. ना नानांच्या, ना काकूच्या, ना माझ्या.

मी प्लेटा पिशवीत घालून घरी आणल्या. रशीदभाईंनी चारीला चिकटपट्टी लावून दिली होती. नाना ओट्यावर बसले होते. मी एकेक समोर ठेवली. ही झाडावरची, ही काकूच्या हाताची, ही माझ्या हाताची, ही लुगड्यातली.

"काय हाय हे?" नानांनी विचारलं.

"जंतू. फुलं ह्यांनी नासून राह्यलीत. काकूच्या हातानं न्हाई."

नानांनी चौथी प्लेट उचलून उजेडात धरली. बराच वेळ धरली. "मंजी तुझ्या मायच्या लुगड्यात घाण हाय म्हणतीस."

"घाण न्हाई हो नाना, ओल. माय रोज उकळायची ते. आपण..."

"गप." त्यांचा आवाज खाली गेला. "शाळा शिकून मायला घाण म्हणायला लागलीस." त्यांनी प्लेट खाली ठेवली, अगदी जपून ठेवली, आणि उठून गेले. त्यांना काकूचा हात वाईट ठरलेला चालत होता. मायचं लुगडं वाईट ठरलेलं चालत नव्हतं. मला राग यायला पाहिजे होता. मी प्लेटा परत पिशवीत भरल्या, कारण दुसऱ्या दिवशी त्या धुऊन परत करायच्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी जीपला गेलेच नाही. नाना राजूरहून आले, लुगडं खुंटीला अडकवलं आणि औताला गेले, तशी मी चुलीवर भगुलं ठेवलं. काकूनं पाहिलं आणि तिच्या हातातलं सूप खाली पडलं. "अगं मंदे, काय करून राह्यलीस तू? नगं. मी जाते बदनापूरला. भावजया काय खाऊन टाकतील का मला? पर त्याला हात लावू नगं." मी म्हटलं, "तू गेलीस तर भाकरी मला थापाव्या लागतील, आन् त्या तुला माहितीयेत कशा होतात." हे विनोदानं म्हटलं नव्हतं. पण काकूला हसू आलं आणि हसता हसता ती रडायला लागली, तोंडावर पदर घेऊन, आवाज न करता. मी सोडा मोजत होते.

लुगडं उलगडलं तेव्हा पदराच्या टोकाला गाठ दिसली. मायच्या हातची गाठ. लुगडं बुडवताना काकू हे टोक हातात धरायची आणि टोपलीवर पदर ओढताना ते बाहेर लोंबायचं, म्हणून ते भिजलेलं नव्हतं, आणि नानांनीही गाठ कधी सोडली नव्हती. मी दातांनी सोडली. आत अर्धी सुपारी आणि एक लवंग. काकूनं ती तळहातावर घेतली आणि कपाळाला लावली. माझ्या पिशवीत रशीदभाईंनी जास्तीची दिलेली एक कोरी प्लेट होती. ते पदराचं टोक मी तिच्यावर टेकवलं, झाकण लावलं आणि मग लुगडं उकळत्या पाण्यात सोडलं. प्लेटवर का टेकवलं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. प्रयोगासाठी नक्कीच नव्हतं.

नाना दुपारी भाकरीला आले. लुगडं जास्वंदीवर पसरलेलं होतं, मायच्याच जागी. ते तिकडं गेले. दोन्ही हातांत कापड धरून तोंडाशी नेलं. मी आणि काकू दारातून बघत होतो. त्यांना काय आलं असेल ते मला माहीत आहे, मी आधीच वास घेऊन पाहिला होता. ऊन आणि सोडा. बाकी काही नाही. नाना तिथंच, मातीतच बसले. "आता गेली," ते म्हणाले. जरा वेळानं पुन्हा म्हणाले, "आता गेली ती." त्यांचे खांदे हलत होते. बापाला रडताना मी पहिल्यांदाच बघत होते आणि मला जाणवत होतं ते इतकंच, की भगुल्याच्या बुडाला सोड्याचा पांढरा थर बसलाय, तो घासायला हवा. मी तो घासला. नाना संध्याकाळी जेवले नाहीत. माझ्याशी तर ते पुढचे दहा-बारा दिवस बोलले नाहीत.

ती प्लेट मी कॉलेजात नेली. उबवणपेटीत जागा नव्हती म्हणून रशीदभाईंनी खिडकीत ठेवली आणि आम्ही दोघंही विसरलो. सहाव्या दिवशी त्यांनीच हाक मारली. प्लेटवर अकरा ठिपके होते, टाचणीच्या टोकाएवढे, आणि गुलाबी. साधे गुलाबी नाही, लहान बाळाच्या नखासारखे. आधीच्या चार प्लेटांवर असलं काही नव्हतं. ना काकूच्या हाताच्या, ना माझ्या, ना झाडावरच्या. फक्त मायच्या गाठीजवळ. रशीदभाईंनी प्लेट माझ्या हातात दिली. मीच म्हटलं, "हे मायचं आहे." त्यांनी तारेचा आकडा लाल होईतो तापवला, निववला, एक ठिपका उचलला, अगर भरलेल्या नळीत ओढला आणि कापसाचं बूच लावलं. चार दिवसांत नळीत गुलाबी रेघ उमटली.

ती नळी मी नानांना दिली. माफी मागायची मला तेव्हा येत नव्हती, आजही येत नाही. "मायच्या पदरावरचं हाय. हातावरचं असंल तिच्या," मी म्हटलं. नानांनी नळी चिमटीत धरली. दहा-बारा दिवसांनी पहिल्यांदा बोलले. "जित्तं हाय?"

"हो."

"किती दिस राहील?"

"विरजणासारखं असतं नाना. जुन्यातलं थोडं नव्यात लावत जायचं. महिन्याला एकदा खाऊ घातलं तर कितीही दिस."

त्यांनी नळी देवळीत ठेवली, गणपतीच्या मागं. मग दाराआडच्या काकूला ऐकू जाईल असं म्हणाले, "उद्यापास्नं लुगडं रोज उकळत जा. ती उकळायची तसं." काकूची माफी त्यांनी मागितली असेल तर ती एवढीच. चतुर्थीला पदर बाजूला सारला तेव्हा टोपलीत सगळी फुलं उमललेली होती, कोरडी, तांबडी, पाची पाकळ्या ताठ. जालन्याच्या बाईनं फूल उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "आता कुणी तोडली?" नाना म्हणाले, "भावाच्या बायकोनं. तवा बी तीच तोडायची." काकू बदनापूरला गेली नाही. मी सातच्या जीपनं जात राहिले.

एम.एस्सी.ला औरंगाबादला गेल्यावर एक प्रात्यक्षिक होतं. आवारातल्या झाडांची पानं, पाकळ्या अगरवर टेकवायच्या आणि आठ दिवस बाहेर ठेवायच्या. आम्ही वीस जण होतो. आठव्या दिवशी टेबलावर वीस प्लेटा मांडल्या होत्या आणि विसांवर तेच गुलाबी ठिपके होते. सर सांगत होते, की हा जिवाणू जवळजवळ प्रत्येक झाडावर असतो, पान आणि पाकळी जे सोडते त्यावर जगतो, फक्त हळू वाढतो. दोन दिवसांत प्लेटा फेकल्या तर दिसतच नाही, आणि जास्त उबेत ठेवल्या तर बिलकुल नाही. मी वहीत उतरवून घेत होते. आमच्या त्या चार प्लेटा रशीदभाईंनी दोन दिवसांत काढल्या होत्या. पेटीऐवजी खिडकीत ठेवून आणखी चार दिवस थांबलो असतो तर काकूच्या फुलावर, माझ्या फुलावर, झाडावरच्या फुलावर, सगळीकडे तो निघाला असता. मायचा तो कधी नव्हताच. जास्वंदीचा होता.

मी नानांना सांगितलं नाही. सांगणार कसं? गावी गेले की पाणी प्यायच्या आधी त्यांचा प्रश्न असायचा, "त्याला खाऊ घातलं का?" मी नवी नळी द्यायचे, जुनी घेऊन जायचे. पुढं मी जालन्यातच शिकवायला लागले, घर केलं, काकू म्हातारपणी माझ्याकडे आली, नानांकडे मोबाइल आला. मग फोनवर आधी तेच, "घातलं का?" सगळं ठाऊक असून महिन्याच्या महिन्याला मी दिवा पेटवायचे, तार तापवायचे आणि एका साध्या, कुठंही मिळणाऱ्या जिवाणूला नव्या नळीत लावायचे. खोटं बोलते आहे असं मला वाटत नव्हतं. खरं बोलते आहे असंही नाही. काहीच वाटत नव्हतं. करत होते.

नाना गेल्या वर्षी गेले. झोपेत, त्रास न होता. त्या दिवशीही मी रडले नाही, त्याची आता मला सवय आहे. दिवसकार्यात दोन महिने निघून गेले, त्याला खाऊ घालायचं राहूनच गेलं. मग शेतावरचं घर आवरताना देवळीत हात घातला. नळीतला अगर सुकून काचेला चिकटला होता, कागदासारखा. मी तो घरी आणून पाण्यात भिजवला, नव्या नळ्यांत लावून पाहिला, एक नाही, पाच नळ्यांत. पंधरा दिवस वाट पाहिली. काही उगवलं नाही.

मग मी पुन्हा शेतावर गेले. जास्वंदीची रांग आहे अजून, कुणी तोडत नाही, उंच वाढलीय. एक फूल चिमट्यानं तोडलं, पाकळी प्लेटवर टेकवली, आणि घरी आणून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. सहाव्या दिवशी गुलाबी ठिपके आले. मला माहीत होतं की येणार. त्यातला एक उचलून मी नळीत लावला आणि कागदाच्या चिठ्ठीवर नाव लिहून चिकटवलं, कला. फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्याशेजारी नळी ठेवत होते, तर मागं काकू काठी टेकत आली. तिला आता कमी दिसतं. "त्याला खाऊ घातलं का गं?" तिनं विचारलं. इतकी वर्षं तिनं हे कधी विचारलं नव्हतं, ते नानांचं होतं.

"घातलं," मी म्हटलं. फ्रिजचं दार धरून मी रडायला लागले. मोठ्यानं, आवाज करून, त्या दिवशी अंगणातल्या बायका रडत होत्या तशी. काकू घाबरली. काठी भिंतीला लावून तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला, तोच कळ्या तोडायचा हात. "नानांची आठवण आली का?" ती म्हणाली.

"न्हाई," मी म्हटलं. "माय मेली, काकू."